मर्व्हच्या लायब्ररीतली चूक

होबार्टला डर्वेंट नदीच्या काठावर समुद्राचा अभ्यास करणारी एक संस्था होती. आता तिचं नाव बदललंय आणि इमारतही. तिथे रोवेना पायबस सव्वीस वर्षं नोकरीला होती. रोवेना अशी हाक तिला फक्त आई मारायची, तीही रागावली तरच. बाकी सगळ्यांची ती रो. संस्थेत कुणी भरती-ओहोटीवर काम करी, कुणी टूना माशांवर, कुणी अंटार्क्टिकाच्या बर्फावर. रो ह्यातल्या कशावरच काम करत नसे. ह्या सगळ्या विद्वानांचे प्रोग्राम जिथे अडत, तिथे जाऊन ते सोडवणं हे तिचं काम.

हे अडणं म्हणजे काय ते एकदाच सांगून टाकतो, नंतर मध्येच थांबायला नको. मोठा प्रोग्राम कुणी एकटा अथपासून इतिपर्यंत लिहीत नाही. भरतीचं गणित कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, नकाशे काढायचं आणखी कुणी. अशा तयार गणितांच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. आपण आपल्या प्रोग्राममध्ये नुसतं नाव घालायचं, की इथे अमुक गणित वापर. मग शेवटी लिंकर नावाचा एक प्रोग्राम येतो आणि प्रत्येक नावाला त्याचं गणित शोधून जोडून देतो. नाही सापडलं, तर पडद्यावर ओळींच्या ओळी ओकतो: ह्या नावाचं काही मिळालं नाही, त्या नावाचं काही मिळालं नाही. वीस-वीस वर्षं समुद्र कोळून प्यालेली माणसंसुद्धा त्या ओळी बघून पांढरीफटक पडतात.

मग ही माणसं रोकडे यायची. टूनावाला ग्रॅएम तर महिन्यातून दोनदा.

“रो, मेलो मी. चारशे एरर आल्यात.”

“चारशे नाहीत. एकच आहे, चारशे वेळा ओरडतेय. सरक जरा.”

कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून ती सगळ्यात वरची ओळ वाचायची. बाकीच्यांकडे बघायचीसुद्धा नाही. कधी लायब्ररी यादीत घातलेलीच नसे, कधी दुसऱ्याच जातीच्या मशीनसाठी बनवलेली असे. रो दोन शब्द इकडचे तिकडे करायची आणि ओळी नाहीशा व्हायच्या. ग्रॅएम विचारायचा, “कुणाची चूक होती?” रोचं उत्तर सव्वीस वर्षांत बदललं नाही. “यादीची,” ती म्हणायची आणि उठून जायची.

लोकांना वाटायचं, केवढं हे मोठं मन. बाई कधी कुणाकडे बोट दाखवत नाही. मोठं मन वगैरे काही नव्हतं. तिच्या मनात एक गोष्ट खुपत होती आणि ती कुणाला सांगायची तिची हिंमत नव्हती, एवढंच होतं.

संस्थेत ती आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. एक वर्षाच्या करारावर. सप्टेंबरात कायम करायचं की नाही ते ठरणार होतं आणि ते ठरवणार होता कॉलिन व्हीटन, तिचा साहेब. कॉलिन वाईट माणूस नव्हता, पण त्याला थट्टेची भारी हौस आणि ती कुठे थांबवायची याचा पत्ता नाही. चहाच्या खोलीतली केकची पाटी त्याचीच कल्पना. संस्थेचं मोठं मशीन रोज पहाटे सगळे प्रोग्राम नव्याने जोडून बघे. ज्याच्यामुळे जोडणी मोडली, त्याचं नाव कॉलिन पाटीवर लिही आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या चहाला त्या माणसाने सगळ्यांसाठी केक आणायचा. दुकानातला नाही, घरचा. हसत-खेळत चालायचं. सगळ्यांची नावं कधी ना कधी लागायची आणि केक खायला कोण नाही म्हणतं?

मर्व्ह ट्रिफिटचं नाव मात्र वर्षानुवर्षं लागलं नव्हतं. मर्व्ह अठ्ठावन्नचा, ह्यूअनच्या खोऱ्यात, सफरचंदाच्या बागेत वाढलेला, बोलायला कमी. संस्थेतला भरती-ओहोटीचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्याच्या दोन लायब्ऱ्यांवर उभा होता. एकीचं नाव ‘बेस’, तिच्यात मूळ गणित. दुसरी ‘टाइड’, तिच्यात भरतीचे हिशेब. आणि ‘टाइड’ला पावलोपावली ‘बेस’ची गरज लागे. अठरा वर्षं खपून त्याने त्या लिहिल्या होत्या. नवी आलेली रो कोपऱ्यात एकटीच डबा खाताना दिसली, तर तो आपला मग घेऊन समोर येऊन बसे. फार काही बोलत नसे. “थंडी आहे,” म्हणे. होबार्टला मे महिन्यात हिवाळा लागतो, थंडी असणारच, पण रोला बरं वाटे.

लायब्ऱ्यांची यादी असलेली फाइल कॉलिनने रोच्या ताब्यात दिली आणि सांगितलं, आजपासून हिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रोने ती उघडली आणि तिचं डोकंच फिरलं. सतरा लायब्ऱ्यांची नावं, कशाही क्रमाने, एक तर चक्क दोनदा. यादी मर्व्हने कधीकाळी लिहिलेली. रोच्या स्वयंपाकघरात मसाल्यांच्या बाटल्यासुद्धा एबीसीडीप्रमाणे लावलेल्या असत. तिने एका दुपारी सतराच्या सतरा नावं नीट एबीसीडीने लावली, दोनदा आलेलं नाव एकदाच ठेवलं, आणि सोमवारच्या बैठकीत कॉलिनला सांगितलं, “फक्त आवरून ठेवलंय. बदललं काही नाही.”

दुसऱ्याच दिवसापासून भरतीचे प्रोग्राम मोडायला लागले. सगळे नाही. दहातले चार जुळायचे, सहा मोडायचे, त्यामुळे यादीचा संशय कुणालाच आला नाही. यादी चुकली असती तर सगळेच मोडले असते ना? आणि पडद्यावर तर स्वच्छ लिहिलेलं असे, की मर्व्हच्या ‘टाइड’ला मर्व्हच्याच ‘बेस’मधलं गणित सापडत नाहीये. दोन्हीकडे नाव त्याचंच.

“मर्व्ह, तुझ्या एका हाताला दुसरा हात ओळखेना झालाय बघ,” कॉलिन म्हणाला आणि त्याने पाटीवर नाव लिहिलं.

मर्व्हने केक आणला. सफरचंद-अक्रोडाचा, त्याच्या बायकोने, नोरीनने केलेला. मोडणं रोजचंच झालं, म्हणून कॉलिनने केक आठवड्याला एकच ठेवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा नाव. पुन्हा केक. मर्व्ह आपल्या टेबलावरच्या मशीनवर जुन्या यादीने जोडून बघे, तिथे सगळं बिनबोभाट चालायचं. “माझ्याकडे तर चालतंय,” तो म्हणाला तशी सगळी खोली हसली, कारण प्रोग्राम मोडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. मग त्याने ते म्हणायचंही सोडलं. पाचव्या केकला लोक म्हणायला लागले, नोरीनचा हात बसला आता. सातव्याला कुणीतरी विचारलं, पुढच्या वेळी लिंबाचा मिळेल का? एकटी रो हसली नाही. तिला त्याच्याबद्दल वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी मर्व्ह तिच्या टेबलाशी आला. कॉलिन शेजारीच उभा राहून कागद चाळत होता.

“रो, एक विचारू? यादीचा क्रम तू जुनाच ठेवलायस ना?”

“हो,” रो म्हणाली.

एवढंच. आता तुम्ही म्हणाल, सरळ सरळ खोटं बोलली. पण सतरा नावं तीच होती, नुसती आवरलेली, क्रमाने काही बिघडतं हे तिच्या स्वप्नातही नव्हतं, आणि कॉलिनला तर ती सांगून बसली होती, की बदललं काही नाही. त्याच्यादेखत आता कुठे नवा खुलासा करत बसायचं? सोपा शब्द तोंडात आला, तो बोलून गेली. मर्व्ह “ठीक” म्हणाला आणि गेला. तो पुन्हा कधी त्या वाटेला गेला नाही. रोच्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

खरं काय ते रोला जूनच्या शेवटी कळलं. कुणी सांगितलं नाही. दुसऱ्याच कामासाठी ती लिंकरची माहितीपुस्तिका वाचत होती आणि तिथे दोन ओळींत सगळं लिहिलेलं होतं. लिंकर यादी वरून खाली एकदाच चालतो. शनिवारच्या बाजारात एखादा हट्टी म्हातारा एकदाच फेरी मारतो ना, तसा. एका दुकानाशी, म्हणजे एका लायब्ररीशी, आला की बघतो, आतापर्यंत कुणी इथलं काही मागितलंय का? नसेल तर पुढे. पुढे जाऊन कुणी कितीही गळा काढला, तरी मागे वळत नाही. एबीसीडीत ‘बेस’ वर आली, तेव्हा तिच्यातलं कुणी काही मागितलेलं नसायचं. ‘टाइड’ खाली, शेवटाकडे. ती मागायची तेव्हा ‘बेस’ मागे पडलेली असायची. ज्यांच्या स्वतःच्या प्रोग्रामला ‘बेस’ लागे ते सुरुवातीलाच मागून ठेवत, म्हणून तेवढे चार वाचत. मर्व्हची ती गबाळी यादी गबाळी नव्हतीच. कोण कुणाच्या नंतर यायला हवं हे बघून एकेक नाव बसवलेलं होतं, आणि जी दोनदा होती तीही गरज म्हणून दोनदा होती.

रोने पुस्तिका मिटली. तिने जुनी यादी शोधून परत जशीच्या तशी लावली. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

“काय केलंस?” कॉलिनने विचारलं.

सांगायची वेळ हीच होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. नऊ केक मर्व्हने आणले, ते माझे होते, एवढंच म्हणायचं होतं.

“थोडं इकडचं तिकडे केलं,” रो म्हणाली.

“मर्व्हच्या घोळावर तू ठिगळ लावलंस. शाब्बास. सप्टेंबरात लक्षात ठेवीन मी.”

आणि रो मूग गिळून गप्प बसली. मला तिची बाजू घ्यायची नाही. तिच्यावर घराचा हप्ता नव्हता की पोराबाळांचं ओझं नव्हतं. फक्त नोकरी जाईल, हसं होईल, पहिल्याच वर्षात एवढी ढोबळ चूक केली म्हणून लोक तोंडावर हसतील, ह्याची भीती होती. तिने ठरवलं, कॉलिनला नको, आधी मर्व्हला एकट्याला गाठून सांगू. उद्या सांगू. मर्व्ह तिच्यापासून दोन टेबलं पलीकडे बसायचा. रोज सकाळी ती “गुड मॉर्निंग” म्हणायची आणि त्यानंतरचं वाक्य बोलायचंच राहायचं.

तोवर कॉलिनने वर लिहून टाकलं होतं, की मर्व्हच्या लायब्ऱ्यांचा भरवसा राहिला नाही, त्याऐवजी परदेशातली एक तयार लायब्ररी घ्यावी. मर्व्हला बोलावून सांगितलं गेलं. तो भांडला नाही. म्हणाला, “ज्याची चूक त्यालाच सापडत नसेल, तर त्याने थांबलेलं बरं.” ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या चहाला केक नोरीननेच केला होता आणि ह्या वेळी ती स्वतः आली होती, बुटकीशी, निळ्या स्वेटरमधली. मर्व्हने सगळ्यांची माफी मागितली, तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला म्हणून. मग रोला बाजूला घेऊन म्हणाला, “तू एकटीच होतीस, जिने एकदाही थट्टा केली नाही. मी ध्यानात ठेवलंय.”

रोने केकचा तुकडा घेतला. खाल्लाही. पुढे कित्येक वर्षं तिला कधी स्वतःचा तिटकारा आला, तर तो गप्प बसल्याबद्दल नसे, तो तुकडा खाल्ल्याबद्दल असे.

सप्टेंबरात ती कायम झाली. दोन वर्षांनी कॉलिन मेलबर्नला गेला, तेव्हा तिने केकची पाटी स्वतः खिळ्यावरून काढून कपाटामागे सारली. लोक कुरकुरले. तिचं लग्न झालं, टिकलं नाही. त्याचं कारण वेगळंच होतं, ते ह्यात आणायला नको. कामात ती इतकी तरबेज झाली, की सिडनीहून, ऑकलंडहून लोक फोन करून विचारायचे. त्यांना ती पहिला प्रश्न एकच करायची: यादीचा क्रम कुणी बदललाय का? आणि उत्तर “नाही” आलं, तरी म्हणायची, मला फाइल पाठव, मी डोळ्यांनी बघते.

मर्व्ह आणि नोरीन ब्रूनी बेटावर राहायला गेले. दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं. वर छापील शुभेच्छा, खाली मर्व्हच्या बारीक अक्षरात एक ओळ: ‘अजून सापडली नाही. सापडली की कळवतो.’ पहिल्या वर्षी रोने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग तिने स्वतःची समजूत घातली, की थट्टा करतोय म्हातारा. पंचवीस कार्डं आली आणि पंचवीस वेळा तिने हीच समजूत घातली. शेवटच्या दोन कार्डांवर नोरीनची सही नव्हती.

साठाव्या वर्षी रो निवृत्त झाली. निरोपाला ग्रॅएमने भाषण केलं, पांढऱ्या केसांचा ग्रॅएम. म्हणाला, “सव्वीस वर्षांत ह्या बाईने आपल्यापैकी एकाचीही चूक काढली नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन रो बुटांसकट पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली. हे आता पुरे झालं, असं तिला वाटलं. मर्व्ह आता चौऱ्याऐंशीचा झाला असेल. तो गेल्यावर आपण हे कुणाला सांगणार?

गुरुवारी सकाळी तिने सफरचंद-अक्रोडाचा केक केला. नोरीनसारखा झाला नाही, मध्ये जरा बसला. तो डब्यात घालून ती केटरिंग गावच्या धक्क्यावर गेली, गाडीसकट फेरीबोटीवर चढली, पलीकडे उतरली. मर्व्हचं घर अलोना गावाच्या अलीकडे, पत्र्याचं, खाडीकडे तोंड केलेलं. मागे एक कॅराव्हॅन, गाडीला जोडून न्यायची घरासारखी खोली, उभी होती, तिची चाकं गवतात रुतलेली.

दार मर्व्हनेच उघडलं. वाळला होता, पण ओळखू येत होता. तिच्या हातातल्या डब्याकडे बघून त्याच्या डोळ्यांत हसू आलं.

“काय गं, आज कुणी मोडलं?”

“मी,” रो म्हणाली.

“आत ये, आत ये. किटली तापलीय.”

त्याला ती थट्टा वाटली होती. रो त्याच्या मागोमाग आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. भिंतीला लागून सफरचंदांची लाकडी खोकी एकावर एक रचलेली होती आणि सगळ्यांत कागद. जुने, कडेला भोकं असलेले छापील कागद. टेबलावर एक गठ्ठा उघडा होता, त्यावर पेन्सिल. प्रत्येक ओळीपुढे बारीक खूण आणि समासात तारीख.

“हे काय आहे, मर्व्ह?”

“‘टाइड’ आणि ‘बेस’. दोन्ही मिळून एकसष्ट हजार ओळी. तीनदा वाचून झाल्या, हा चौथा फेरा. आता डोळे साथ देत नाहीत, दिवसाला शंभरेक होतात.” त्याने मगात पाणी ओतलं. “घरच्या मशीनवर दर वेळी सगळं नीट जोडलं जातं. म्हणून तर सापडत नाही. तिथे मोडत होतं म्हणजे काहीतरी आहे. असणारच. मशीन उगाच कशाला खोटं बोलेल?”

“मला वाटलं तू कार्डावर थट्टा करतोस.”

“थट्टा? छे. तुला कळवायचं म्हणून लिहायचो. तू सोडून बाकी कुणाला काय पडलं होतं?”

रो खुर्ची ओढून बसली. बोटीवर मनाशी घोकून ठेवलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली.

“मर्व्ह, त्यात चूक नाही. एकाही ओळीत नाही. यादीचा क्रम मी बदलला होता. एबीसीडीने लावली होती मी.”

त्याने किटली खाली ठेवली. मग गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढून त्याच्या पाठीवर त्याने सतरा नावं लिहिली, आपल्या क्रमाने, सव्वीस वर्षांनी, एकदाही न अडखळता. जी दोनदा होती ती दोनदा लिहिली. मग पेन्सिल तिच्यापुढे केली.

“तुझी लिही.”

रोने शेजारी आपली यादी लिहिली. मर्व्हने चष्मा सारखा करून बघितलं. दुसऱ्या नावाशी त्याची नजर थांबली, मग खाली पंधराव्या नावाशी गेली.

“हं,” तो म्हणाला. “पाच सेकंद लागले.”

“हो.”

“मी विचारलं होतं तुला.”

“विचारलं होतंस. मी खोटं बोलले.”

“तुला माहीत नव्हतं म्हण.”

“तेव्हा नव्हतं माहीत.”

“मग कधी कळलं?”

इथे रोला अजून एक वाट होती. परवाच जुने कागद आवरताना कळलं म्हणाली असती, तर त्याने मानलं असतं. तिचं कधीच काही खोटं मानलं नव्हतं त्याने. ती कागदावरच्या दोन याद्यांकडे बघत राहिली.

“त्याच जूनमध्ये,” ती म्हणाली. “शेवटच्या आठवड्यात.”

“मी ऑगस्टात गेलो.”

“हो.”

“म्हणजे दोन महिने मी तिथेच होतो. दोन टेबलं पलीकडे.”

रोने मान हलवली.

मर्व्ह उठून खिडकीशी गेला. तिथून मागचं अंगण दिसत होतं. “नोरीन पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “अठरा वर्षं जे नीट चाललं ते आपोआप कसं बिघडेल, त्यांनीच काहीतरी हलवलंय, म्हणाली. मी तिला म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं? पुढेही ती जेव्हा जेव्हा बोलली तेव्हा हेच म्हटलं मी. तुला काय कळतं. शेवटी शेवटी तिने ते बोलायचं सोडलं.”

खिडकीतून गवतातली कॅराव्हॅन रोला दिसत होती.

“ती कॅराव्हॅन तिच्यासाठी घेतली होती. मुख्य भूमीवर जायचं, पश्चिमेपर्यंत सगळा देश बघायचा, असं तिचं होतं. एकदा निघालोही. डेव्हनपोर्टच्या धक्क्यापर्यंत गेलो, बोटीच्या रांगेत उभे होतो आणि मला काहीतरी सुचलं. एका ओळीबद्दल. ते लगेच तपासून बघायचं होतं. मी गाडी वळवली. तिला म्हटलं, हे एकदा सापडू दे, मग जाऊ. ती नाही म्हणाली नाही कधी. सापडू दे, मग जाऊ, असं म्हणता म्हणता ती गेलीच.”

मगातला चहा निवून गेला होता. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. रोला खूप काही म्हणायचं होतं, आणि त्यातला एकच शब्द खरा होता. तो म्हणण्यासाठी तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मर्व्ह वळला आणि त्याने हात वर करून तिला थांबवलं. तो रागावलेला दिसत नव्हता. फार थकलेला दिसत होता.

“माफी तेवढी मागू नकोस, रो. तू मागितलीस, तर मला ‘असू दे’ म्हणावं लागेल. मला तशी सवय आहे, मी म्हणूनही टाकीन. पण आज ते म्हटलं, तर मला नोरीनला तोंड दाखवता यायचं नाही.”

“बरं,” रो म्हणाली.

ती उठली, पर्स घेतली आणि दाराबाहेर पडली. मर्व्ह दारापर्यंत आला नाही. गाडीत बसल्यावर तिला खिडकीतून तो दिसला. टेबलावरचा उघडा गठ्ठा उचलून तो खोक्यात भरत होता.